खांडीत गेलेली खेप

चिपीखार, ता. पेण
गुरुवार, ३१ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप गुणाजीमामा यांच्या पायांवर जावई मोरू याचं डोकं. मामींच्याही पायांवर तेच (डोकं एकच आहे, समजून घ्यावं).

इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो. कितपत ठीक आहे ते शेवटपर्यंत गेल्यावर तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा आता कसा आहे? डोंगरातला पाला बांधल्यावर सूज उतरली असं कळलं, फार बरं वाटलं. मामींचा खोकला थांबला का? भाताची कापणी निम्म्यावर आली असेल. यंदा वालाला ओल चांगली राहील असं इकडची मंडळी म्हणतात (इकडच्या मंडळींना वालातलं काही कळत नाही, त्यांना मीठ कळतं, पण म्हणतात). चि. मृणाली पालथी पडून सरकायला लागली असं ऐकलं. पुढे सरकते का मागे? माझं आणि तिचं शिकणं बरोबरीनेच चाललं आहे म्हणून विचारतो.

पत्र जनूच्या हाती पाठवतो आहे. हा जनू म्हणजे गागोदे बुद्रुकचा, केरूशेटच्या डंपरवर माझ्याबरोबर शिकाऊ म्हणून लागला तो. त्याची बहीण तुमच्या निडीत दिली आहे, तिला भेटायला निघाला आहे. त्याला ओसरीवर बसवा, पाणी द्या, चहा द्या, पोहे झाले असतील तर पोहे द्या, पण पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तोंड उघडू देऊ नका. माणूस मनाने फार चांगला आहे. पण कुठलीही गोष्ट तो शेवटाकडून सांगायला लागतो, आणि या गोष्टीचा शेवट आधी कानावर पडला तर तुम्ही मधलं ऐकून घेणार नाही, हे मी तुम्हाला चार वर्षं ओळखतो त्यावरून सांगतो.

बारशाच्या दिवशी तुम्ही चारचौघांत मला जे सुनावलंत ते मी विसरलेलो नाही. "शेटनं जावयाच्या हाती किल्ली दिली का लेकीला पाठवतो, तोवर नाय." तुमचेच शब्द. तेव्हा मला राग आला होता, आता येत नाही (थोडा येतो). आमचं मिठागर चालेनासं झालं, तीन पावसाळे मी मिळेल त्या कामावर हिंडलो, अशा घरात तुम्ही लेक आणि तान्ही नात कशाच्या भरवशावर पाठवणार? तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त जरा हळू म्हटलं असतं. इकडे केरूशेटची अटही तुम्हाला ठाऊक आहे: दिवाळीपर्यंत मालाची एकही खेप वाया घालवली नाही तर डंपरची किल्ली माझ्या हाती, पक्का ड्रायव्हर म्हणून. म्हणजे खेप गेली की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की माझी दिवाळी तुमच्या लेकीवाचून. एवढं मनात ठेवून पुढचं वाचावं.

मामा, ट्रक शिकणं म्हणजे गिअर टाकणं आणि चाक फिरवणं असं मला वाटत होतं. तेवढं पंधरा दिवसांत आलं. बाकीचं अजून येतं आहे. आमचा उस्ताद सखा, तीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस, त्याची शिकवायची रीत अशी की आधी काही सांगायचं नाही आणि चुकल्यावर सगळं एकदम सांगायचं. पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणाला की गाडी धुऊन आण. दुसऱ्या कुणी गाडी विहिरीवर नेली असती. मी मिठागरातला, पाणी म्हटलं की माझे पाय खाडीकडे वळतात. बांधाला खाडीचं पाणी आत-बाहेर करायला उघाडी असते, तिथे गाडी नेली. भरतीचं पाणी कसं तुडुंब! जनूने बालद्या ओतल्या, मी काथ्याने घासली. चाकं, दारं, पाटे, हौदा, काही सोडलं नाही. संध्याकाळी उस्तादने गाडीभोवती फेरी मारली आणि विडी पेटवली, म्हणजे पसंत पडली. सकाळी येऊन बघतो तर गाडी पांढरी. पाणी वाऱ्यावर सुकलं आणि मीठ तेवढं राहिलं. उस्तादने दारावर बोट फिरवलं, जिभेला लावलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तो जे बोलला ते वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. तीन दिवस आम्ही दोघं गोड्या पाण्याने गाडी धूत होतो आणि स्प्रिंगच्या पाट्यांना तेल पाजत होतो, आणि पेणच्या नाक्यावरचा चहावाला रोज विचारायचा, "यंदा डंपरवर मीठ किती पिकलं?" खरं सांगू का, मीठ चांगलं पांढरं होतं. आमच्या आगरात शेवटच्या दोन वर्षांत तसं आलं नव्हतं.

मग फाळक्याचं प्रकरण. डंपरचा हौदा उचलायच्या आधी मागचा फाळका उघडायचा असतो. किती साधं वाक्य आहे, आता लिहिताना माझं मलाच हसू येतं. आमचा मुरूम जातो डोलवीकडे, तिथे कंपनीच्या आवारात भराव चालला आहे. पहिल्यांदा तिथे मुकादम आणि दहा-बारा जण बघत असताना मी ऐटीत दांडा ओढला. हौदा वर जायला लागला, माल मागे सरकला आणि फाळक्याला जाऊन टेकला, कारण फाळका बंद. मग गाडीची पुढची चाकं जमीन सोडून वर उठली, आणि मी आणि जनू केबिनमध्ये आभाळाकडे तोंड करून बसलो. डोलवीचं आभाळ इतक्या निवांतपणे मी कधी पाहिलं नव्हतं. जनूने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मोरू, आपून खाली जानार हाय का वर?" मी म्हटलं, श्वास घेऊ नको. खालून उस्तादच्या हाका चालल्या होत्या, त्यात आमच्या दोघांच्या घराण्यांचा उल्लेख होता. शेवटी दांडा हळूहळू सोडला आणि गाडी धाडकन सगळ्या चाकांवर आली. पण मामा, एक घमेलंही माल सांडला नाही हे लक्षात घ्या (फाळका बंद होता ना).

जनू माझ्या चुका सांगेल, म्हणून त्याचीही एक सांगून ठेवतो. कंपनीच्या दाराशी वजनकाटा आहे. भरलेली गाडी काट्यावर चढवायची, मग माल टाकून रिकामी चढवायची, मधला फरक तो माल. आता जनू पडला प्रामाणिक. भरलेली गाडी काट्यावर आली की हा खाली उतरायचा. आपलं वजन मालात धरलं गेलं तर ती फसवणूक, असं त्याचं म्हणणं. रिकामी गाडी काट्यावर आली की बसून राहायचा, आता माल कुठे आहे, मग बसायला काय हरकत. असं करता करता प्रत्येक खेपेत बरोबर एका जनूएवढा मुरूम कमी भरायला लागला. माल वाटेत कुठे गळतो ते शोधायला उस्ताद दोन दिवस हौद्याखाली पाठीवर निजून भोकं बघत होता, आणि टॉर्च धरायला शेजारी जनूच.

तर एवढं सगळं झालं, पण खेप म्हणून एकही वाया गेली नव्हती. श्रावणात मला अवजड गाडीचं लायसन मिळालं. गणपतीत उस्ताद शेजारी बसून डुलक्या घ्यायला लागला, आणि उस्ताद शेजारी झोपतो याच्याएवढा मोठा दाखला ट्रकच्या धंद्यात नाही. मी मनातल्या मनात भिंतीला चुना लावून ठेवला होता, पाळण्याची दोरी बदलली होती (ही खरोखर बदलली आहे). दिवाळी पंधरा दिवसांवर आली. आणि परवाच्या सोमवारी उस्तादची दाढ ठणकायला लागली.

गाल एवढा सुजला की त्याला शिवी देता येईना. तो पेणला दाढ काढायला उतरला आणि म्हणाला, ही खेप तू ने. पहिल्यांदा एकट्याने, म्हणजे मी आणि जनू. हौद्यात दोन ब्रास माल, मुरूम आणि खाली मोठे दगड. वडखळ मागे टाकलं. दुपारचा एक वाजला असेल. कोजागिरी होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे उधाणाची भरती अगदी माथ्यावर आलेली. हे आमच्या खारेपाटात पोरांनाही कळतं, घड्याळ लागत नाही. एका गावाच्या फाट्याला रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी. डोक्यावर नाही, छातीशी धरलेलं घमेलं, आणि त्यावर दगडाने बडवत ओरडत होती, "खांड गेली रं! बांधाव चला, खांड गेली!"

मामा, तुम्ही डोंगराकडचे, तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. ते वेळेवर बुजवलं नाही तर तासाभरात खारं पाणी साऱ्या शेतांत. उभं पीक जातंच, पण पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. म्हणून आमच्याकडे चालायला लागायच्या आधीपासून एकच शिकवलेलं असतं: खांड गेली अशी हाळी आली की हातात असेल ते घेऊन धावायचं. गाव कुणाचं, बांध कुणाचा, त्यांच्याशी आपलं भांडण आहे का, हे विचारायचं नाही. जेवणारा ताटावरून उठतो. आमचा चुलता मुंडावळ्या बांधलेल्या डोक्याने धावला होता. चुलती मांडवात बसून राहिली, आणि भरती ओसरल्यावर दुसरा मुहूर्त काढला (अजून ती त्यावरून बोलते). ज्याच्या हातात फावडं तो फावडं घेऊन जातो, ज्याच्या हातात पेंढा तो पेंढा. माझ्या हातात त्या वेळी डंपर होता.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. जनू डोंगराकडचा, त्याला कळेना गाडी का थांबली. म्हातारीने (तिचं नाव हौसा, हे नंतर कळलं) हौद्याकडे पाहिलं आणि मला सरळ म्हणाली, "माल हाय ना गाडीन? मंग बगतस काय?" मी म्हटलं, आजी, हा माल माझा नाय. ती म्हणाली, "पानी काय माजा हाय?" याला उत्तर असेल तर तुम्ही कळवा. बांध रस्त्यापासून दीडशे पावलांवर, बैलगाडी जाईल एवढी वाट. मी गाडी मागे घ्यायला लागलो. मागे जनू उभा राहून हात हलवत होता. जनूचे हात 'ये' म्हणतात का 'थांब' म्हणतात हे मला चार महिन्यांत कळलेलं नाही, म्हणून मी हौसाआजीच्या घमेल्यावर भरवसा ठेवला. बडवत होती तोवर मागे गेलो, थांबली तिथे थांबलो.

खांड तीन हात रुंद झालेली. तीस-चाळीस माणसं, बायका, कमरेएवढ्या पाण्यात. लाकडी मेढी ठोकल्या होत्या, पेंढ्याच्या पेंड्या दाबत होते, पण टाकलेली प्रत्येक पाटी माती पाण्याबरोबर आत जात होती. आणि आतल्या अंगाला भात असा पिकलेला की लोंब्यांनी मान टाकलेली, कापणी दोन दिवसांवर. मी दांड्याला हात घातला. जनू ओरडला, "मोरू, फाळका!" आणि धावत जाऊन त्याने तो उघडला (हे त्याच्या खात्यावर मोठं काम आहे, मी विसरणार नाही). आधी दगड गेले, मग मुरूम. एका दमात दोन ब्रास. पाणी फुसफुसलं, दोनदा वर आलं, मग चाळीस माणसं त्या ढिगावर अक्षरशः नाचायला लागली, आणि खांड बसली. कुणीतरी माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की ती अजून दुखते. मला त्या क्षणी इतका आनंद झाला मामा, की केरूशेट म्हणून कुणी माणूस जगात आहे हेच मी विसरलो. ते आठवलं तेव्हा गाडीची मागची चाकं चिखलात अर्धी गेली होती.

सगळ्या गावाने दोर लावून गाडी ओढली. तीनदा ओढली, कारण मी चुकून पहिल्यांदा मागचा गिअर टाकला होता आणि आम्ही एकमेकांविरुद्ध ओढत होतो. दिवस कलताना पेणला पोचलो. उस्ताद नाक्यावर उभा, तोंडात कापसाचा बोळा, दाढ काढून आलेला. रिकामा हौदा बघितला, चिखल बघितला, पावती मागायला हात पुढे केला. पावती नाही. मी सगळं सांगितलं. त्याने शिव्या द्यायला तोंड उघडलं, कापूस बाहेर येऊ लागला, तो आत दाबला, पुन्हा उघडलं, पुन्हा दाबला. मग त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याकडे बघून दोन बोटांनी किल्ली फिरवल्यासारखं केलं आणि हात झटकला. म्हणजे गेली. हे मलाही कळत होतं. ती रात्र मी जेवलो नाही. पाळण्याकडे पाठ करून निजलो.

मंगळवारी सकाळी शेटच्या मुरमाच्या खाणीवर गेलो तो हिशेब मिटवून घ्यायच्या तयारीने. केरूशेट माझ्यावर उखडणार एवढ्यात रस्त्याने माणसं दिसायला लागली. चाळीस माणसं, फावडी, घमेली, पहारी, पुढे हौसाआजी. शेटने मोर्चा समजून खोलीत जाऊन आतून कडी लावली. मी बाहेर, मला लावायला कडीही नव्हती. हौसाआजी दाराशी गेली आणि म्हणाली, "शेट, कडी काड. मारायला नाय आयलो, भरायला आयलो." बांधाला परक्याची माती लागली तर दुसऱ्या दिवशी अंगमेहनतीने फेडायची, उधार ठेवायची नाही, नाहीतर बांध पुन्हा फुटतो, अशी त्यांच्या गावची रीत. एरवी सहा मजूर एक खेप दोन तासांत भरतात. या लोकांनी पाव तासात भरली, आणि पुढची, आणि पुढची. रोजच्या चार खेपांच्या जागी त्या दिवशी नऊ खेपा डोलवीला गेल्या. नऊच्या नऊ मी नेल्या. फाळका नऊ वेळा आधी उघडला. उस्ताद शेजारी बसला होता आणि पाचव्या खेपेला झोपला. संध्याकाळी हौसाआजीने शेटला सगळ्यांदेखत विचारलं, "ह्या पोराला काडलास का ठेवलास?" शेट चहाची बशी हातात धरून म्हणाला, "अजून काडला नाय, आजी."

तर मामा, किल्ली जवळजवळ मिळाल्यातच जमा आहे. खेप गेली हे खरं, पण ती वाया गेली असं आता खुद्द शेटही म्हणत नाही. जनू वेगळं काही सांगेल तर वरचं सगळं ध्यानात धरून ऐकावं. मामींना नमस्कार, चि. मृणालीला पापा, अनितेला माझी आठवण सांगावी.

आपला आज्ञाधारक जावई,
मोरू

ता. क. जनूने आता बोलायला हरकत नाही. पण तोवर पोहे संपलेले असावेत.

ता. क. दुसरा. वर 'जवळजवळ' असा शब्द लिहिला आहे. तुम्ही तो नीट बघितला असणार, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. खरं ते लिहितो. बुधवारी शेटने मला बोलावलं आणि म्हणाला, चालवतोस बरा, माणूसही बरा आहेस, पण माझे आधीचे दोन ड्रायव्हर दिवाळीला बायकोला भेटायला सासुरवाडीला गेले ते आजतागायत आले नाहीत. ज्याची चूल इथे पेटते त्याच्याच हाती किल्ली. सोमवारी शेट चिपीखारला आमच्या घरी चहाला येणार आहे, चूल कोण पेटवतं ते बघायला. मी त्याला सांगून पाहिलं की माझे सासरे म्हणतात आधी किल्ली, मग लेक. तो म्हणाला, "सासऱ्याला सांग, शेट म्हनतो आधी चूल, मंग किल्ली." म्हणजे अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर उभ्या आहेत आणि एकाला मागे घ्यावी लागणार आहे. शेटला मागे घे म्हणायची माझी हिंमत नाही. तुम्हाला म्हणायची तर त्याहून नाही, म्हणूनच पत्राला एवढी पानं लागली. रविवारी सकाळच्या दिवा-रोहा गाडीने मी निडीला येतो. अनिता आणि मृणालीला माझ्याबरोबर पाठवा. सोमवारी किल्ली मिळाली नाही तर मंगळवारी मीच दोघींना परत आणून पोचवीन आणि बारशाला जमली होती त्याच चार माणसांत सांगेन की मामांचं बरोबर होतं. तुम्ही दिलेला शब्द मोडा असं मी म्हणत नाही. एक दिवस अलीकडे घ्या, एवढंच.

ता. क. तिसरा. अनिता, मामांचा चष्मा फुटला आहे आणि पत्र तूच वाचून दाखवणार हे मला जनूकडून कळलं आहे. आतापर्यंत मोठ्याने वाचलंस ते बरं केलंस. हे मनात वाच. मध्ये थांबल्यासारखं वाटू नये म्हणून हवं तर खोक.

वर मी पाय आपोआप ब्रेकवर गेला असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी म्हातारीला वळसा घालून पुढे निघून गेलो होतो. शंभर पावलं गेलो. डोळ्यांसमोर तूच होतीस आणि पोरीचं टोपडं होतं, आणि मी मनात म्हणत होतो की ही खेप गेली तर या दोघी येत नाहीत, बाकीचं जग काय ते बघून घेईल. आरशात ती घमेलं बडवताना दिसत होती, आवाज येत नव्हता. मग मला वाटलं, उद्या तू विचारलंस की एवढ्या भरतीच्या दिवशी त्या रस्त्याने गेलास तर बांध कसे होते, तर मी काय सांगणार? तुला मिठागरवाल्यांच्या घरी दिलं तेव्हा खांड म्हणजे काय तेही तुला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात आपल्या बांधावर माझ्या आधी तू पोचली होतीस. म्हणून मागे आलो. माल ओतला. माझ्या लेखी तो मुरूम नव्हता, आपली दिवाळी होती. रागावली असशील तर राग घेऊनच ये, इथे काढ, मी ऐकून घेईन. पण ये. मला किल्लीपेक्षा तू हवी आहेस, हे मी शेटलाही सांगितलेलं नाही आणि मामांना तर नाहीच नाही.

पिशवी भरून ठेव. मामा लगेच हो म्हणणार नाहीत. आधी गुडघ्याचं काढतील, मग वालाचं; म्हणू दे. ते गप्प बसले की पोरीला त्यांच्या मांडीवर दे आणि तू काही बोलू नकोस.

आता मोठ्याने वाच: सर्वांना नमस्कार, मोरू.